उत्तरेकडची भिंत

१९ ऑगस्ट, सफरचंदांचा सण

ही वही तैसियाने दिली. तैसिया म्हणजे माझी नात, रोदिओनची थोरली. शहरातली नोकरी सोडून माझं घर बांधायला आली आहे. म्हणाली, आजी, तू मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतेस, त्यातलं एकदाचं वहीला सांगत जा. पोरगी स्पष्टवक्ती आहे, माझ्यावर गेली. मी शाळेत चार वर्षं गेले, त्यातलं एक वर्ष चिखलाने खाल्लं, तेव्हा जिथे अक्षर चुकेल तिथे वहीनेच शहाणपण दाखवावं.

तर बातमी अशी की चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला नवं घर मिळतंय. या वयात बायकांना नवे दात मिळतात, मला घर. आनंद लपत नाही, शेळीलासुद्धा सांगून झालं.

जुनं घर नदीला आवडलं आहे. पिनेगा दर वर्षी काठ थोडा थोडा कुरतडते. आधी कुंपण नेलं, मग बटाट्यांचे वाफे नेले, आता न्हाणीघराच्या पायऱ्यांपर्यंत आली आहे. मागच्या महिन्यात माझा मुलगा रोदिओन आला आणि हात मागे बांधून काठावर उभा राहिला. त्याला वाटतं असं उभं राहिलं की नदी घाबरते. मग म्हणाला, "आई, पोक्रोवच्या सणाला मी येईन. तोवर वर छप्पर असेल, आत चूल पेटलेली असेल, तर राहा. नसेल तर सामान बांधायचं आणि मुकाट्याने आमच्याकडे यायचं."

पोक्रोवला, ऑक्टोबरच्या मध्यावर, आमच्याकडे पहिलं बर्फ धरतं, म्हणजे म्हणायला ते बरोबर आहे. पण त्यांच्याकडे म्हणजे अर्खांगेल्स्कला, पाचव्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते, आणि त्या खिडकीत बसलेली म्हातारी माझ्याकडे बघत असते. मी विचारलं, शेळीला लिफ्ट चालेल का? रोदिओन हसला नाही. विनोदबुद्धी त्याने बापाकडून घेतली, म्हणजे रिकाम्या हाती आला.

२१ ऑगस्ट

घर बांधणार कोण, ते परवा लिहायचं राहिलं. मुद्दामच राहिलं. साव्वाती बांधणार.

गावात सुतार एवढा एकच उरला, त्याला माझा इलाज नाही. शिवाय त्याच्याकडे तयार सांगाडा आहे. मुलासाठी कापला होता. ओंडके तासले, खाचा पाडल्या, एकावर एक रचून अंगणात वाळायला ठेवले. मुलगा काही आला नाही. तोही कुठल्यातरी पाचव्या मजल्यावर असेल. आता तो सांगाडा उतरवायचा, प्रत्येक ओंडक्यावरची कुऱ्हाडीची खूण बघायची आणि आमच्या टेकाडावर मध्ये शेवाळ घालून पुन्हा रचायचा. तैसियाने परस्पर जाऊन ठरवलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं.

या माणसाने आमचं न्हाणीघर बांधलं, तेव्हा रोदिओन रांगत होता. तुळई चढवायच्या दिवशी सुतारांना जेवण आणि व्होडका द्यायची रीत आहे, आणि माझ्या नवऱ्याने, प्रोकोपीने, व्होडकात पाणी घातलं. मी स्वतः पाहिलं. आता कंजूष मालकाचं आमचे सुतार काय करतात हे लहान पोरालाही ठाऊक आहे. फुटक्या बाटलीचं तोंड भिंतीत दोन ओंडक्यांमध्ये बसवतात, बाहेरच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही असं. मग उत्तरेचा वारा सुटला की भिंत रडते. आमचं न्हाणीघर तेव्हापासून रडतंय. प्रोकोपी शोधून शोधून थकला. शेवटी तो गेला, त्यालाही अकरा वर्षं झाली, न्हाणीघर अजून रडतंच आहे.

तेव्हा या वेळी मी ठरवलंय. नवीन भिंतीचा एकही ओंडका माझ्या नजरेआड चढणार नाही.

२६ ऑगस्ट

पहिला थर बसला. चार ओंडके, लार्चचे, काळपट आणि जड, ट्रॅक्टरने ओढून आणले. कोपऱ्यांत मी मेंढीची लोकर ठेवली, घर ऊबदार राहावं म्हणून. तैसियाने ओळंबा धरला. साव्वातीने एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं, मग दोन्ही मिटले. मला वाटलं झोपला. म्हणाला, ऐकतोय, ओंडका नीट बसला की श्वास सोडतो. एवढी वर्षं हेच नाटक.

मी समोर ओंडक्यावर बसून होते, सकाळपासून. त्याने माझ्या बापाच्या नावाने हाक मारून विचारलं, "येगोरोव्हना, तुला घरी काम नाही का?"

मी म्हटलं, "हेच काम आहे. चोरावर पाळत."

तो म्हणाला, "मग चोराला जेवायला काय आहे?"

शांगी होत्या, म्हणजे वर बटाटा थापलेल्या भाकऱ्या, त्या दिल्या. पोटभर खाल्लेला सुतार बाटली घालत नाही, हा साधा हिशेब आहे. यात दुसरं काही नाही.

४ सप्टेंबर

तैसिया शहरातल्या दुकानातून तागाची पट्टी घेऊन आली, ओंडक्यांमध्ये घालायला. सरळ गुंडाळी उलगडायची आणि पसरायची, हात खराब होत नाहीत. मी म्हटलं, छान आहे, याने बुटांच्या नाड्या कर. घर शेवाळावर उभं राहतं. शेवाळ दलदलीतून आणायचं, झटकून अर्धवट सुकवायचं. फार कोरडं झालं तर हातात चुरा होतो. लांब झुपके ओंडक्यावर आडवे घालायचे, दोन्हीकडून दाढीसारखे लोंबले पाहिजेत. वरचा ओंडका बसला की दाबून घेतो, मग लोंबतं ते लाकडी पाचरीने आत ठासायचं. हे काम आमच्याकडे बायकांचं. पुरुष फक्त कुऱ्हाड घेऊन फोटोसारखे उभे राहतात.

आज तीन पोती आणली. कंबर मोडली, पण मी कोणाला सांगितलं नाही, फक्त तैसियाला, शेजारच्या मान्येफाला आणि साव्वातीला. त्याने उद्या दलदलीत स्वतः जायचं ठरवलं. म्हणाला, तुझं शेवाळ बारीक आहे. बारीक! माझं शेवाळ!

आज नवीन रुमाल बांधला होता, निळ्या फुलांचा. उन्हासाठी. तैसिया म्हणाली, आजी, ढग आहेत. मी म्हटलं, ढगांचं ऊन जास्त लागतं.

९ सप्टेंबर

पाच थर झाले. प्रत्येक ओंडका ठेवताना झाडाची उत्तरेकडची बाजू बाहेर ठेवतात. झाड आयुष्यभर त्या अंगाने थंडी सोसतं, तिथे खोडाची वलयं दाट असतात, सवय असते. आत मऊ बाजू. माणसांचंही असंच करावं असं मला वाटतं, पण माणसांना खूण नसते.

आज जेवताना मी साव्वातीला सरळ विचारलं, प्रोकोपीच्या एका बाटली पाण्यासाठी एवढी वर्षं रडवलंस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "प्रोकोपीची व्होडका त्या दिवशी चांगली होती."

"मी पाणी घालताना पाहिलं."

"असेल. मला चव कळली नाही."

"मग बाटली कशाला घातलीस?"

तो उठून ओळंबा बघायला गेला. ओळंबा जिथे होता तिथेच होता. म्हाताऱ्याची स्मरणशक्ती गेली बिचाऱ्याची, गुन्हा आठवतो, कारण आठवत नाही.

१३ सप्टेंबर

न्हाणीघर गेलं. सकाळी शेळीला सोडायला गेले तर काठच नव्हता. छप्पर नदीतून टोपीसारखं चाललं होतं, चिमणीसकट. मी बराच वेळ बघत राहिले. साव्वाती आणि तैसिया टेकाडावरून धावत आले. साव्वाती माझ्यावर ओरडला, काठापासून मागे हो म्हणून, अगदी नवऱ्यासारखा. नवरासुद्धा असा ओरडला नव्हता कधी.

मी म्हटलं, बरं झालं, तुझी बाटली बुडाली. माशांना रडवू दे आता.

आता जुन्या घराची पाळी. म्हणजे रोदिओन म्हणतो त्यात अर्थ नाही असं नाही. पण त्याला हे कोण सांगणार.

१७ सप्टेंबर

आज उत्तरेचा वारा होता, यंदाचा पहिला मोठा. सकाळपासून काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. दोनदा दार उघडून बघितलं. शेळीचं दूध काढायला दोनदा बसले, ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच म्हातारी झाले. मासा भरलेला पाव जळून कोळसा झाला. मग लक्षात आलं, आवाज नाही. एवढ्या वर्षांत वारा आला की ते रडणं यायचं, त्यावर मी कणीक मळायचे, पोरं झोपवायचे, प्रोकोपीवर चिडायचे. आता वारा नुसता वारा.

जळका पाव घेऊन कामावर गेले. साव्वातीने विचारलं हे काय, तर मी सांगून टाकलं, तुझा तो रडका आवाज नाही तर हात चुकतात. त्याने जळका भाग काढला नाही, सगळा खाल्ला. त्याचे दात बहुतेक उरले नसावेत, चव तर आधीच गेली होती.

१८ सप्टेंबर

अहो, ऐका! उत्तरेकडच्या भिंतीचे वरचे तीन थर साव्वातीने खाली उतरवले. सकाळी मी पोहोचण्याआधीच. म्हणतो, शेवाळ पातळ पडलंय. माझ्या हातचं शेवाळ! मग दुपारपर्यंत पुन्हा रचले. मी नेमकी पहारा सोडून शेवाळ वाळवायला गेले होते, कारण मला तिकडे त्यानेच पाठवलं.

नाचता येईना अंगण वाकडं.

२५ सप्टेंबर

आता माझा धीर सुटत चालला आहे. रोज एक ओंडका चढतो, एक उतरतो. एक म्हणे पिळवटलेला आहे, एकाची खाच केसभर सैल आहे. केस कोणाचा ते सांगत नाही, त्याच्या डोक्यावर तर एकही नाही. जेवणाची सुट्टी लांबते, चहाची सुट्टी त्याहून लांबते, चहा पिताना तो मला विचारतो की अमक्या वर्षी पूर आला तेव्हा आपण कुठे होतो, तमक्या लग्नात कोण पडलं. आणि मी मूर्खासारखी सांगत बसते. दुपार जाते. खिडक्यांच्या चौकटी अजून बसायच्या आहेत, छप्पर तर हवेतच. पोक्रोव येऊन ठेपला.

तैसिया म्हणाली, सांग ना त्याला, पोक्रोवपर्यंत नाही झालं तर बाबा तुला घेऊन जाणार म्हणून. मी म्हटलं, मी का सांगू? सांगितलं की तो म्हणेल, येगोरोव्हना विनवण्या करते. मी त्या माणसाकडे आयुष्यात एकही गोष्ट मागितली नाही.

तैसिया म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवतेस."

कसलं ताक? मला शेवाळ ठासायचं होतं.

२७ सप्टेंबर

पाचव्या मजल्याचं स्वप्न पडलं. शेळी लिफ्टमध्ये, मी बाहेर, दार बंद होतंय.

आज तैसिया साव्वातीच्या घरी गेली, बराच वेळ होती. परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, शेवाळाबद्दल बोललो. पोरीला आता शेवाळ कळायला लागलंय, चांगलं आहे.

२८ सप्टेंबर

उजाडायच्या आत टेकाडावर कुऱ्हाडींचा आवाज. साव्वाती आणि त्याचे दोन भाचे, दाढीवाले, बैलासारखे, खालच्या गावातून बोलावून आणलेले. साव्वातीने माझ्याकडे बघितलंच नाही. चहा नको, गप्पा नकोत, पूर कुठला आणि लग्न कुठलं. शांगी दिल्या तर उभ्या उभ्या खाल्ल्या आणि एक कानावर खोचली, पेन्सिल समजून. संध्याकाळपर्यंत भिंती पूर्ण. खिडक्यांवर त्याने चार बोटं फट सोडली, शेवाळ दबतं तसं घर वर्षभर बसत जातं, फट नसली तर काच तडकते.

शेवटी लाज वाटली म्हणायची. शहाण्याला शब्दाचा मार, याला शब्दही नाही, बहुतेक जळक्या पावाचा मार लागला.

जाताना मात्र कोपऱ्याशी थांबला आणि म्हणाला, "हे आधी सांगायचं असतं, येगोरोव्हना."

मी म्हटलं, "काय?"

तो म्हणाला, "काही नाही," आणि गेला. मग मी तैसियाकडे पाहिलं तर तिला एकदम चुलीत लाकूड घालायचं सुचलं, आणि चूल तर अजून बांधायचीच आहे.

३ ऑक्टोबर

तुळई चढली. मोठी, अंगठ्याएवढीही गाठ नसलेली. तिला मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला माशाचा पाव टांगला, भाचा वर चढून तुळईवरून चालला, धान्य उधळलं, दोरी कापली, पाव खाली आला आणि साव्वातीने झेलला. उताणा पडला असता तर अपशकुन. नाही पडला.

व्होडकाची बाटली मी त्याच्यासमोर उघडली, त्यानेच हुंगून बघावी म्हणून. पाण्याचा एक थेंब नाही. माशांचे तीन पाव, शांगी, लिंगोनबेरी, भाच्यांना सगळं दुप्पट. म्हटलं, आता तरी बाटलीचं कारण नाही ना राहिलं?

साव्वाती म्हणाला, "राहिलं नाही," आणि हसला. त्याला हसताना मी किती वर्षांनी बघितलं. चांगलं दिसत नाही, पण दात आहेत, माझी चूक झाली.

१४ ऑक्टोबर, पोक्रोव

बर्फ पडलं, थोडंसं, देवाने मीठ टाकून चव बघावी तेवढं. रोदिओन दुपारी आला. मोकळ्या पिशव्या घेऊन आला होता, माझं सामान भरायला. मी बघितलं, त्याने गाडीतच ठेवल्या.

छप्पर बघितलं. जमिनीवर पाय आपटला. भिंतीला खांदा लावून ढकललं, शहरात राहून त्याला वाटतं भिंत ढकलली की कळतं. कोपऱ्यांत बोट घालून फट शोधली, बोट आत गेलं नाही. मागच्या आठवड्यात बांधलेली चूल पेटलेली होती, तिच्यावर शेळीचं दूध तापत होतं. मग कोट काढला आणि चुलीपाशी बसला. आमच्या घरात पुरुषाने कोट काढला की सही झाली समजायचं.

सगळ्यांदेखत जुन्या घरातून घराच्या राखणदाराला आणायचं होतं. तो प्रत्येक घरात चुलीमागे राहतो, दिसत नाही, पण त्याला न बोलावता गेलं तर रुसतो. त्यासाठी जुना बूट लागतो. मी प्रोकोपीचा बूट जुन्या चुलीपुढे ठेवला, वाकले आणि रीतीप्रमाणे म्हटलं, "चल रे म्हाताऱ्या, नवं घर तयार आहे, एकट्याने राहायचं नाही, माझ्याबरोबर चल."

मागून दारातून साव्वाती म्हणाला, "बरं, येतो."

तैसिया इतकी हसली की खाली बसली. मी म्हटलं, तुला नाही, राखणदाराला. तो म्हणाला, मला तसंच वाटलं, मी बूट धरायला येतो म्हणत होतो. बूट त्यानेच उचलून टेकाडावर नेला, दोन्ही हातांनी, वाटेत सांडू नये असा. माणूस कसाही असो, राखणदाराशी नीट वागला.

१६ ऑक्टोबर

आज उत्तरेचा वारा.

सकाळी कणीक मळत होते आणि भिंत रडायला लागली. न्हाणीघरासारखी मोठ्याने नाही. हळू, चुलीपाशी मांजर गुरगुरावी तशी, आणि मग वर चढून एक सूर. माझे हात कणकेत तसेच राहिले. नवी भिंत! माझ्या डोळ्यांदेखत रचलेली!

बूट घालायलाही थांबले नाही, म्हणजे घातले, पण उलटे. त्याच्या घरापर्यंत अर्धं गाव चालत गेले. तो दारात उभा होता, टोपी घालून, कुठेतरी निघायच्या बेतात असल्यासारखा.

मी म्हटलं, "बाटली घातलीस."

"घातली."

"व्होडका शुद्ध होती."

"शुद्ध होती."

"आमच्या जेवणात काही कमी होतं?"

"नव्हतं."

"मग?"

तो म्हणाला, "तूच म्हणालीस, आवाज नाही तर हात चुकतात."

मी बरंच काही म्हणते. त्यातलं अर्धं ऐकायचं असतं आणि अर्धं सोडायचं असतं, आणि हा नेमकं सोडायचं ते ऐकतो. मी म्हटलं, काढ ती, आत्ताच्या आत्ता.

तो म्हणाला, कोणत्या थरात बसवली ते आता आठवत नाही. वारा असेल तेव्हाच यावं लागेल, भिंतीला कान लावून शोधावी लागेल. एका दिवसात नाही सापडायची.

मी म्हटलं, इथे उत्तरेचा वारा मे महिन्यापर्यंत असतो.

तो म्हणाला, हो.

तर मी त्याला सरळ बजावलं. प्रत्येक वाऱ्याला यायचं. एकही चुकवायचा नाही, पाय दुखतो, बर्फ आहे, काही ऐकणार नाही. ज्याने केलं त्यानेच निस्तरायचं. त्याने मान खाली घालून कबूल केलं. अशा लोकांशी असंच वागावं लागतं, नाही तर डोक्यावर बसतात.

दुपारी आला. भिंतीला कान लावला, मग चहा प्याला, मग पुन्हा कान लावला, मग शांगी खाल्ल्या, मग दुसऱ्या कानाने ऐकलं. नाही सापडली. तैसिया सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघत होती, खांदे हलत होते, वाऱ्याने सर्दी झाली असेल.

मला तर बसल्या जागेवरून कळत होतं, आवाज चुलीशेजारच्या खिडकीच्या डावीकडून येतो, सातव्या आणि आठव्या ओंडक्याच्या मधून. बहिऱ्यालाही सापडेल. मी सांगितलं नाही. स्वतः घातली, स्वतः शोधू दे.

आकाश उत्तरेकडे अजून काळंच आहे. उद्याच्यासाठी कणीक जास्त भिजवली आहे.